छत्तीस गहाळ

सोमवार, ४ मार्च

ही वही लेकीने गेल्या वाढदिवसाला दिली होती. "आई, आता स्वतःसाठी काहीतरी लिही," असं पहिल्या पानावर तिचं अक्षर आहे. आजवर मी तिच्यात धोब्याचे कपडे लिहिले. आज मात्र खरंच लिहायला बसले आहे, कारण डोक्यात गोंधळ आहे आणि ह्यांना सांगायला गेले तर हे म्हणतात, "तू आधी जेवून घे."

प्राचार्यांनी बोलावून दहा ओळी मागितल्या. नवा वाचनकक्ष एप्रिलअखेर तयार होतोय. दाराशी पाटी लागणार, तिच्यावर ग्रंथालय ज्यांनी उभं केलं त्यांच्याविषयी दहा ओळी. "तुमच्याशिवाय कोण लिहिणार, मॅडम?" म्हणाले, आणि मग आवाज उतरवून, "कक्षाला नाव द्यायचं समितीच्या मनात आहे. तुमचंच."

मी एकदम म्हटलं, "नाव द्यायचं तर बाईंचं द्या."

"कोण बाई?"

बाई म्हणजे माझ्या आधीच्या ग्रंथपाल. इथे एकोणतीस वर्षं होत्या. पण प्राचार्यांचा प्रश्न बरोबर होता. या इमारतीत बाईंना पाहिलेलं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. जुना शिपाई गेला, जुने प्राध्यापक गेले, आणि मीही अठ्ठ्याऐंशी दिवसांनी निवृत्त होऊन जाणार.

खोटं कशाला लिहू, माझं नाव ऐकून क्षणभर बरं वाटलं होतं. पाटी डोळ्यांपुढे आलीसुद्धा, अक्षरं पितळी होती.

बुधवार, ६ मार्च

दहा ओळींपैकी दोन झाल्या आणि त्याही खोडल्या. "ग्रंथालय हे ज्ञानाचे मंदिर" असं लिहिलं होतं. बाईंनी ते वाचून कागदाच्या पाठीवर वाणसामानाची यादी केली असती.

ग्रंथपाल व्हायचं माझ्या डोक्यात घातलं ते चष्मेवाल्या काकांनी. आमच्या गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांचं वाचनालय होतं आणि त्यात हे काका, जाड भिंगांचा चष्मा एका बाजूने दोऱ्याने कानाला बांधलेला. मी दहा वर्षांची. पुस्तक परत द्यायला गेलं की इतर ठिकाणी विचारतात, पान फाडलं नाहीस ना? काका विचारायचे, "कुठपर्यंत आलीस?" अर्धं वाचून परत आणलं तरी रागवायचे नाहीत. "पुढचं तुझ्यासाठी थांबलंय," म्हणायचे आणि तारखेचा शिक्का माझ्या हातात द्यायचे. शिक्का मारायला मिळावा म्हणून मी कितीतरी पुस्तकं वाचली. वाचनाची गोडी वगैरे सगळं नंतरचं.

पण गल्लीतलं वाचनालय वेगळं आणि कॉलेजचं ग्रंथालय वेगळं, हे बाईंनी शिकवलं. इथे मुलं परीक्षेसाठी येतात, प्राध्यापक संशोधनासाठी, आणि एखादं पुस्तक वीस वर्षांत एकदाच लागतं. ते त्या एका दिवशी जागेवर असलं पाहिजे, यासाठी आपला पगार, असं बाई म्हणायच्या. रोज सकाळी दार उघडायच्या आधी त्या मांडण्यांवरून हात फिरवत जायच्या. कुठलं पुस्तक चुकीच्या जागी आहे ते त्यांच्या बोटांना कळायचं. पुस्तकात शाईने कधी लिहीत नसत. मऊ शिसपेन्सिल, आणि आकडे इतके फिके की पान उजेडात तिरकं धरल्याशिवाय दिसायचे नाहीत.

मला त्या 'पोरी' म्हणत. मी चोवीस वर्षांची होते, तात्पुरत्या नेमणुकीवर. त्यांनी माझं पहिलं कौतुक केलं ते बारीक पुस्तिकांवरून. विहिरींची पाहणी, बियाण्यांचे अहवाल, नदीच्या पुराची मोजमापं, अशा चाळीसेक पातळ पुस्तिका होत्या. एकीला पाठ नाही, सगळ्या एकमेकींच्या अंगावर लवंडलेल्या, मागे घसरून पडायच्या. मी त्या सगळ्या सोडवल्या, आकाराने जुळणाऱ्या एकत्र लावल्या आणि बाइंडरकडून चांगल्या पुठ्ठ्यात बांधून आणल्या. बाई मांडणीपाशी आल्या, हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता उभी राहिली." बस, एवढंच. मी आठवडाभर हवेत होते.

हे पाटीवर घ्यावं का? माझी शेखी मिरवल्यासारखं होईल. पण बाई लोकांना कशा घडवायच्या ते यातून कळतं.

शुक्रवार, ८ मार्च

प्राचार्यांनी बाईंची सेवापुस्तिका कार्यालयातून काढून टेबलावर ठेवली. एका ओळीवर बोट ठेवलं. शेवटच्या वर्षाचा शेरा. "ग्रंथ पडताळणीत ३६ पुस्तके गहाळ. ग्रंथपालांची हयगय."

"समितीत हे निघणारच, मॅडम. ज्यांच्या काळात छत्तीस पुस्तकं गेली त्यांचं नाव कक्षाला द्यायचं? तुमचंच देऊ, सगळे तयार आहेत."

मला तो शेरा ठाऊक होता. ठाऊक असून मी तो तेहतीस वर्षं बाजूला ठेवला होता, हेही आजच ध्यानात आलं.

बाईंचा शेवटचा दिवस आठवतो. निरोप समारंभ झाला नाही. त्या शेऱ्यामुळे संस्थेने तो गुंडाळला. दुपारी तीन वाजता त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला, डबा पिशवीत घातला आणि म्हणाल्या, "पोरी, जाड पुस्तकं अधूनमधून उघडून बघत जा. नुसती पाठ बघून पुढे जाऊ नकोस." आणि गेल्या. पंधरा दिवसांनी माझी कायम नेमणुकीची ऑर्डर आली. बाबांनी ती कपाटाच्या काचेला आतून चिकटवली होती. बाईंना कळवायला मी जायला हवं होतं, पण त्या आनंदात तिकडे जायची लाज वाटली.

जाड पुस्तकांचं ते वाक्य मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगते. जाड पुस्तकाला घाबरू नका, पाठीवरचं नाव वाचून पुढे जाऊ नका, उघडा! मुलं टाळ्या वाजवतात. दहा ओळींचा शेवट यानेच करीन.

समितीची बैठक २४ एप्रिलला. तोवर ती छत्तीस पुस्तकं कुठे गेली ते मला सिद्ध करायचंय. नाही केलं तर बाईंचं नाव कायमचं त्या शेऱ्याखाली राहणार. त्या एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत.

मंगळवार, १२ मार्च

आज धाकटीवर फार चिडले. धाकटी म्हणजे माझी सहायक. अडतीस वर्षांची आहे, दोन मुलांची आई, पण माझ्यानंतरची म्हणून धाकटी. तिने परत आलेली अकरा पुस्तकं संगणकात चुकून दुसऱ्याच विभागात टाकली आणि एक विद्यार्थिनी तासभर मांडण्या धुंडाळत राहिली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "इथे चूक म्हणजे पुस्तक गेलं. जागा चुकलेलं पुस्तक आणि हरवलेलं पुस्तक यांत काडीचा फरक नाही."

तिने अकराच्या अकरा शोधून आणली आणि संध्याकाळी चहा न घेता घरी गेली.

बोलले ते खरंच होतं. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, एवढंच.

शनिवार, १६ मार्च

पडताळणीची जुनी यादी सापडली. छत्तीसच्या छत्तीस पातळ पुस्तिका! एकही जाड पुस्तक नाही. पाहणी, अहवाल, मोजमापं. मला एकदम भूगोलाचे सर आठवले. त्यांना अशाच गोष्टींचं वेड होतं. झोळीत कागद घेऊन हिंडायचे आणि बारीकसारीक पुस्तिका "जरा बघतो" म्हणून खिशात घालायचे. बाई त्यांना कधी काही बोलत नसत. भिडस्तपणा.

मी मात्र ग्रंथपाल झाल्यावर सरांना एक दिवसही वाढीव मुदत दिली नाही. ते गेले त्यालाही सहा वर्षं झाली. शेवटच्या वर्षी काठी टेकत आले होते, चार दिवस जास्त मागत होते. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. मला तेव्हाही वाटायचं, यांनीच नेल्या असणार.

बुधवार, २० मार्च

प्राचार्यांना सरांविषयी सांगितलं. पुरावा काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मला खात्री आहे. ते म्हणाले, गेलेल्या माणसाविषयी असं लेखी देऊ नका. मी तोंडी दिलं. बाहेर येताना बरं वाटलं नाही, पण बाईंसाठी एवढं करायलाच हवं.

हे विचारत होते, "तुझं नाव लागतंय तर लागू दे की. बाईंना आता काय कळणार?" मी पंचवीस मिनिटं भांडी घासली, कामवाली येणार होती तरी.

गुरुवार, ४ एप्रिल

सापडल्या.

जुनी पुस्तकं नव्या कक्षात न्यायची म्हणून धाकटी वरच्या रांगा उतरवत होती. शिडीवरून तिने हाक मारली, "मॅडम, हे बघा जरा." तिच्या हातात एक जाड, हिरव्या कापडी पाठीचं पुस्तक होतं. पाठीवर सोनेरी अक्षरात 'विहिरींची पाहणी'. कुणी कधी मागितलं नसेल असलं.

"आत विहिरी संपल्या की बियाणी लागतात," धाकटी म्हणाली. "मग नदी. मग शाळेतल्या पाण्याची तपासणी. एका पुठ्ठ्यात सात आहेत, मॅडम."

शेजारी तसेच आणखी पाच. प्रत्येकात सात. सहा पुठ्ठे, बेचाळीस पुस्तिका. नोंदवहीत प्रत्येक पुठ्ठ्यातली फक्त पहिली पुस्तिका जागेवर दाखवलेली. प्रत्येकातल्या उरलेल्या सहा गहाळ. सहा सक छत्तीस.

आणि प्रत्येक पुठ्ठ्याच्या आत बाइंडरला दिलेली चिठ्ठी चिकटलेली. चिठ्ठीवर फक्त पहिल्या पुस्तिकेचं नाव आणि क्रमांक. अक्षर चोवीस वर्षांच्या मुलीचं. तेव्हा मी 'ह'ला मोठं शेपूट काढायची.

आता सगळं आठवतंय. बाइंडर म्हणाला होता, "ताई, एकच नाव लिहा, पाठीवर तेवढंच मावेल." मी म्हटलं बरं. नियम असा की पुठ्ठ्यात जेवढ्या जातील तेवढ्या सगळ्यांची यादी चिठ्ठीवर, आणि नोंदवहीत प्रत्येकीसमोर 'अमुक पुस्तकात बांधली' अशी टीप. मला तो नियम पाठ होता. मी केलं नाही, कारण पुठ्ठे सुंदर झाले होते आणि मला ते बाईंना दाखवायची घाई होती. वर्षभराने पडताळणी झाली तेव्हा मोजणारे बाहेरून आलेले. त्यांनी पाठी वाचल्या आणि पुढे गेले.

शेवटच्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला फिक्या पेन्सिलीने सात आकडेही आहेत. धाकटीने पुस्तक खिडकीकडे तिरकं धरलं तेव्हा दिसले. बाकीच्या पाचांतही तसेच आहेत. "कुणीतरी आधी मोजलंय," ती म्हणाली. बाइंडरची मोजदाद असेल, ते लोक करतात तसं.

धाकटीने चिठ्ठीवरचं अक्षर ओळखलं. ओळखून तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "मी पाणी आणते तुमच्यासाठी."

शुक्रवार, ५ एप्रिल

भूगोलाच्या सरांना वाढीव मुदत हवी होती, चार दिवस.

सोमवार, ८ एप्रिल

प्राचार्यांना सगळं सांगितलं. ते खरंच भले माणूस आहेत. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, पुस्तकं सापडली ना? मग टीप अशी करा, 'स्थलांतराच्या वेळी ३६ पुस्तिका मिळाल्या.' झालं. शेरा आपोआप पुसला जाईल, बाईंचं नाव मोकळं. कुणाची चूक, कशाला लिहायचं? निवृत्तीला दीड महिना उरलाय. तुमच्या कागदांत आता असलं काही नको."

मी हो म्हणून आले.

घरी येऊन दहा ओळी पुन्हा लिहिल्या. चांगल्या झाल्या. बाइंडिंगचा प्रसंग काढून टाकला. काय वाईट आहे यात? बाईंना हवं ते मिळतंय, कुणाचं नुकसान नाही, आणि चूक ही चूक असते, चोरी नव्हे. ह्यांनाही पटलं. लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तू त्या धाकटीला मागे काय बोलली होतीस? फोनवर दोनदा सांगितलंस मला, अगदी अभिमानाने."

लेकीला शिकवून चूक केली. फोन ठेवून दिला.

रविवार, १४ एप्रिल

बाईंकडे जाऊन आले. चार वर्षांनी. इतके दिवस का गेले नाही याची कारणं लिहीत बसणार नाही, ती सगळी ठिसूळ आहेत.

बाई भाचीकडे असतात, दुसऱ्या मजल्यावर. भाचीने दारातच सांगितलं, "आत्या आता माणसं ओळखत नाही. वाईट वाटून घेऊ नका. जुनं काहीतरी मध्येच बोलते." खिडकीपाशी पलंग, शेजारच्या फळीवर औषधं. औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावलेल्या. "ती रोज लावते," भाची म्हणाली.

मी सोबत हिरवं पुस्तक नेलं होतं. मनात वाक्य तयार केलं होतं, "बाई, पुस्तकं सापडली, आता तुमचा शेरा जाईल." एवढंच सांगून निघायचं होतं. माझी चूक होती, हे वाक्यात नव्हतं.

"बाई, ओळखलंत का मला?"

त्यांनी हसून मान हलवली, पाहुण्यांकडे बघून हसतात तशी. मी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. हसू थांबलं. त्यांनी पाठीवरून बोटं फिरवली, रोज सकाळी मांडणीवरून फिरवायच्या तशी. मग पुढून न उघडता मागचा पुठ्ठा उघडला, खिडकीकडे तिरका धरला आणि म्हणाल्या, "सात."

"तू ऑफिसातली का?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाई. ग्रंथालयातली."

"मग ठीक." त्यांनी मला जवळ यायची खूण केली आणि आवाज अगदी बारीक केला. "कुणाला बोलू नकोस हं एवढ्यात. त्या पोरीची ऑर्डर यायचीय."

"कुठल्या पोरीची?"

"आहे एक. हाताने चांगली आहे. घाई करते." पुस्तक मिटून त्यांनी पांघरुणाखाली सरकवलं. "तिला आत्ता कळलं तर रडत ऑफिसात जाऊन सांगेल. मग कोण ठेवून घेतंय तिला? माझे पंधरा दिवस राहिलेत. माझं काय व्हायचंय?"

भाची स्वयंपाकघरातून म्हणाली, "बघा, असंच काहीतरी बोलते."

मी बाईंचा हात धरून बसले. त्यांनी धरू दिला. पुस्तक परत मागायचं धाडस झालं नाही, तिथेच ठेवून आले. मोठ्या आवाजात रडत जिना उतरले, लोक बघत होते.

मंगळवार, १६ एप्रिल

पेन्सिलीचे आकडे बाइंडरचे नव्हते. मला कळायला हवं होतं. फिकी पेन्सिल, तिरकं धरल्यावर दिसणारे आकडे, आणि मीच ही वही सुरू करताना ते लिहिलंय.

पडताळणीचा अहवाल आल्यावर बाईंनी शोधलं. त्यांना सापडलं. छत्तीस पुस्तकं हाताशी असताना त्यांनी 'हयगय' हा शेरा घेतला, सही केली आणि समारंभाशिवाय डबा घेऊन घरी गेल्या. जाताना मला सांगून गेल्या, जाड पुस्तकं उघडून बघत जा. म्हणजे ऑर्डर आली, पोरगी सावरली, की एक दिवस ती पुठ्ठे उघडील, तिचं तिलाच कळेल आणि ती आपणच दुरुस्त करील. एवढा विश्वास त्यांनी माझ्यावर टाकला आणि मी त्या वाक्याचं भाषण केलं. तेहतीस वर्षं टाळ्या घेतल्या.

ती रांग माझ्या टेबलापासून चौदा पावलांवर आहे. आज मोजली.

बुधवार, २४ एप्रिल

समितीची बैठक. प्राचार्यांची टीप वाचून झाली, 'स्थलांतराच्या वेळी मिळाल्या.' मी उठले आणि म्हटलं, ही टीप अपुरी आहे. मग माझा कागद वाचला. पुस्तिका कुणी बांधायला दिल्या, चिठ्ठी कुणी लिहिली, कुठला नियम मोडला, बाईंना ते केव्हा कळलं आणि त्या का गप्प राहिल्या. भूगोलाच्या सरांवर मी तोंडी आळ घेतला होता, तो खोटा होता, हेही इतिवृत्तात लिहा म्हटलं. प्राचार्य टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले.

एक सदस्य म्हणाले, "पण मॅडम, नियमाने बघितलं तर बाईंनीही माहिती दडवलीच की." मी म्हटलं, "हो, दडवली. त्या दडवण्यावर हे ग्रंथालय तेहतीस वर्षं चाललंय. ते चांगलं चाललं की वाईट, ते तुम्ही ठरवा."

अर्धा तास चर्चा झाली. मला बाहेर बसवलं होतं. नाव बाईंचं, एकमताने नव्हे, पण झालं. माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमाविषयी कुणी काही बोललं नाही. बोलतील किंवा नाही बोलणार. मला त्याचं वाईट वाटतंय, आणि वाईट वाटतंय म्हणून लिहिते आहे.

बाहेर धाकटी उभी होती. मी तिला म्हटलं, "त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं माझं." ती म्हणाली, "अकरा होती, मॅडम. छत्तीस नव्हती." आणि मग स्वतःच घाबरून तोंडावर हात ठेवला. दोघी हसलो. कितीतरी दिवसांनी.

शनिवार, २७ एप्रिल

दाखल नोंदवही काढली. छत्तीस ओळी, शेऱ्याच्या रकान्यात छत्तीस वेळा लाल शाईने 'गहाळ'. धाकटी म्हणाली, एकदा लिहून खाली तसंच अशा खुणा करा, हात दुखेल. मी नाही म्हटलं. असली घाई पूर्वी एकदा करून झाली होती. छत्तीस वेळा पूर्ण लिहिलं, 'अमुक पुस्तकात बांधलेली आहे. बांधताना नोंद केली नाही, चूक माझी,' आणि प्रत्येकीसमोर सही. दोन तास लागले. हात खरंच दुखतोय.

दहा ओळीही झाल्या. आठच आहेत. पहिल्या दोन चष्मेवाल्या काकांच्या, पुढच्या सहा बाईंच्या. टाळ्यांचं वाक्य घेतलं नाही.

रविवार, २८ एप्रिल

बाई पलंगावर बसलेल्या. हिरवं पुस्तक उशाखाली होतं. भाची म्हणाली, "कुणाला हात लावू देत नाही. साफसफाईलासुद्धा नाही."

आज मी ओळख विचारली नाही. जवळ बसले आणि आवाज त्यांच्यासारखा बारीक केला.

"बाई, त्या पोरीची ऑर्डर आली."

त्या एकदम ताठ झाल्या. "आली? कायम झाली?"

"झाली. कागद बघितला मी. कपाटाच्या काचेला लावलाय."

त्यांनी डोळे मिटले आणि हातावर हात ठेवला. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाल्या, "मग आता सांगायला हरकत नाही."

"सांगितलं, बाई. सगळ्यांना सांगितलं."

"रागावलं का कुणी तिला?"

"नाही, बाई. कुणीच नाही."

"बरं झालं," म्हणाल्या. उशाखालून पुस्तक काढलं, पदराने पाठ पुसली आणि माझ्या हातात दिलं. "जागेवर ठेव."